छोटा हत्ती ते टँकर: गाड्यांवरचं नाव एकसारखं कसं ठेवायचं?

चिकोडी भागातली दूध संस्था: छोटा हत्ती, पिकअप आणि टँकर, सगळ्यांवर दोन फुटी बोधचिन्ह लावलं. पिकअपवर ते दाराबाहेर जातं, टँकरवर टिकलीएवढं दिसतं. काय चुकलं?

माप सारखं ठेवलंत, प्रमाण ठेवलं नाहीत. प्रत्येक गाडीवर आधी सलग मोकळी जागा मोजा. हँडल, बिजागऱ्या, दाराची फट आणि डिझेलचं झाकण त्यातून वगळा. चिन्हाची उंची त्या जागेच्या 40 टक्के ठेवा: 50 सेंमी असेल तर 20, 150 असेल तर 60. चिन्हाभोवती त्याच्या उंचीच्या पाव भागाएवढी जागा रिकामी सोडा.

जागा ठरवताना जमिनीपासून मोजू नका, माल भरला की गाडी बसते. दाराच्या खालच्या कडेपासून मोजा. आपल्याकडे हौदे स्थानिक बॉडीवाले बांधतात, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे हौदेही जुळत नाहीत. तयार आराखड्यावर विसंबू नका. प्रत्येक प्रकारच्या हौद्याचं 1:10 मापाचं वेगळं चित्र करून ठेवा.

रंगासाठी फक्त ‘निळा’ सांगून भागत नाही. कापीव रेडियमसाठी (अक्षरं कापून चिकटवायची रंगीत फिल्म) कंपनीचा शेड नंबर लिहून ठेवा. छपाईसाठी मंजूर तुकडा जपून ठेवा आणि सगळ्या गाड्यांची छपाई एकाच वेळी करा. जुन्या गाडीचा एकच तुकडा बदलला तर तो शेजारच्या उन्हाने फिकटलेल्या भागाशी जुळणार नाही, ती बाजू पूर्ण बदलावी.

निपाणी: कन्नड आणि मराठी नावं एकाच आकारात लिहिली, तरी एक मोठं वाटतं.

सीमाभागातल्या प्रत्येक संस्थेने हा प्रश्न नीट सोडवायला हवा, कारण दोन्ही वाचकांचा मान त्यात आहे. फॉन्टचा आकडा सारखा ठेवून अक्षरं जुळत नाहीत. मराठीत शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची घ्या. कन्नडमध्ये ओत्तक्षर (जोडाक्षरात मूळ अक्षराखाली लिहिलं जाणारं छोटं रूप) सोडून मूळ अक्षराची उंची घ्या. या दोन उंची सारख्या करा, मग कागदावर खऱ्या मापात छापून दहा मीटरवरून पाहा. कन्नड वर असेल तर त्याची ओत्तक्षरं खाली उतरतात आणि मराठीच्या मात्रा, वेलांट्या वर चढतात, दोन्ही एकाच फटीत. म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या निदान 60 टक्के हवं.

वाचनाचा ढोबळ हिशेब असा: 3 मीटर अंतराला 25 मिमी उंची. 9 मीटरवरून वाचायचं असेल तर मूळ अक्षर साडेसात सेंमी.

फाइल दुकानात देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकाररेषा, नाहीतर तिथल्या संगणकावर फॉन्ट नसला की ओत्तक्षरं फुटतात. मग दोन्ही भाषा वाचणाऱ्या दोघांकडून तपासून घ्या. सुट्या कापलेल्या रेडियममध्ये अनुस्वार सगळ्यांत आधी निघतो, कारण त्याला चिकटायला जागाच नसते, आणि ‘संघ’चा ‘सघ’ होतो. त्यापेक्षा पार्श्वभूमीसह सलग छापून लॅमिनेट करा.

खानापूर: पावसाळा संपेपर्यंत हौद्यावरच्या स्टिकरच्या कडा सुटतात.

बहुधा फिल्म चुकीची आहे. स्वस्त कॅलेंडर्ड फिल्म (रुळांमधून दाबून, ताणून केलेली) साधारण 70 ते 80 मायक्रॉनची असते. पत्र्याच्या घडीत ताणून बसवली की ती पुन्हा मूळ आकाराकडे ओढली जाते, रिबिटभोवती हवा शिरते, मग पाणी. घड्यांवर सुमारे 50 मायक्रॉनची कास्ट फिल्म (पातळ ओतून, न ताणता केलेली) वापरा, लॅमिनेशनही कास्टच. बसवल्यावर घड्या आणि रिबिटवर हीट गनने फिल्म-कंपनी सांगते तेवढी उष्णता द्या.

तुमच्याकडची तांबडी धूळ साबणाच्या पाण्याने पूर्ण जात नाही. धुऊन वाळवल्यावर 70 भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 30 भाग पाणी लावा, वाळण्याआधी स्वच्छ कापडाने पुसा. नवा रंग असेल तर निदान आठवडाभर थांबा, नाहीतर रंगातून निघणाऱ्या वाफेने फुगे येतात. काम पावसाळ्याआधी उरका, पण मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर नको, सावलीत करा. रबरापासून 3 मिमी आत कापा. पहिल्या दिवशी धुऊ नका. नंतरही प्रेशरचा फवारा फूटभर लांबून मारा, कडेवर कधीच नाही.

बेळगाव, शिक्षणसंस्था: स्कूलबसच्या मागच्या काचेवर जाळीदार फिल्म चालेल?

नको. मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश जायला हवा, आणि त्या फिल्ममध्ये भोकंच निम्मी असतात. बसचा पिवळा रंगही झाकू नका. नाव फक्त मधल्या पट्टीत लिहा, रिफ्लेक्टर टेप आणि नंबर मोकळे ठेवा. इतर कुठल्याही गाडीचा मूळ रंग फिल्मने पूर्ण बदलत असाल, तर आधी आरटीओकडे आरसीतल्या नोंदीचं विचारून घ्या.