कॅनव्हासवर मराठी नावांची शिरोरेषा एका रेषेत कशी आणायची?

तुमचा प्रश्न असा की लोकलच्या स्टेशनांची नावं कॅनव्हासवर (वेबपेजवर कोडने चित्र काढायची जागा) वेगवेगळ्या बटणांत काढताय, प्रत्येक नाव मेजरटेक्स्टने (मजकुराचं माप देणारं फंक्शन) मोजून बरोब्बर मधे बसवताय, तरी बटणं शेजारी आली की 'ठाणे' खाली उतरलेलं, 'नाहूर' वर चढलेलं आणि 'दादर' मधेच कुठेतरी.

होणारच तसं. अ‍ॅक्च्युअलबाउंडिंगबॉक्सअसेंट आणि डिसेंट ही त्यातली मापं त्या त्या शब्दाची बेसलाइनच्या (अक्षरं जिच्यावर बसतात ती रेषा) वरची आणि खालची उंची देतात, ठाणेची मात्रा वर जाते, नाहूरचा ऊकार खाली येतो, मग प्रत्येकाची उंची वेगळी आणि तिचा मध्य धरला की शिरोरेषा हलते. आणि आपली नजर आधी शिरोरेषेवरच जाते हो, ती दोन पिक्सेल सरकली तरी खटकतं.

टेक्स्टबेसलाइन ही सेटिंग अल्फाबेटिकच राहू द्या (डिफॉल्ट तेच असतं) आणि फॉन्ट सेट केल्यावर एकदाच नुसता 'क' मोजा. त्याला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, त्यामुळे त्याचा असेंट म्हणजे बेसलाइनपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. समजा ते २६ पिक्सेल आलं आणि बटण ६० उंच आहे, तर मध्य ३०, त्यात २६ चे निम्मे १३ मिळवले की ४३, फिलटेक्स्टला (मजकूर काढणारं फंक्शन) वाय बटणाच्या वरच्या कडेपासून ४३ द्या, सगळ्या नावांना तोच. शिरोरेषा सगळीकडे १७ वर येईल, मात्रा-उकार वरखाली जायचे तिथे जातील, त्यांच्यासाठी बटणात जागा तेवढी ठेवा.

टेक्स्टबेसलाइनला मिडल वापरू नका, तो फॉन्टच्या एम चौकोनाचा (फॉन्ट-साइजएवढा काल्पनिक चौकोन) मध्य असतो, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचा नाही. त्याच सेटिंगमधलं हँगिंग खरं तर शिरोरेषेसाठीच आहे पण फॉन्टमधे तशी माहिती भरलेली नसेल तर ब्राउझर अंदाजाने जागा ठरवतो, म्हणून माझा त्यावर भरवसा नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. वेबफॉन्ट (इंटरनेटवरून उतरणारा फॉन्ट) यायच्या आधी मोजलंत तर माप भलत्याच फॉन्टचं मिळतं. त्यासाठी डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड वापरतात, पण त्याला दुसरा पॅरामीटर म्हणून 'क' द्यायचाच, कारण बरेच वेबफॉन्ट लिपीप्रमाणे वेगळ्या फाइलींत तोडलेले असतात आणि काहीच दिलं नाही तर तो एक स्पेस धरून चालतो, मग देवनागरीची फाइल येतच नाही आणि लोडचं प्रॉमिस (काम झालं की कळवणारं उत्तर) मात्र व्यवस्थित पूर्ण होतं, एररही नाही.

रेटिना (दाट पिक्सेलच्या) स्क्रीनसाठी कॅनव्हासची विड्थ बदलत असाल तर फॉन्ट, बेसलाइन, स्केल सगळं रीसेट होतं, फॉन्ट परत १० पिक्सेल सॅन्स-सेरिफ. त्यामुळे आधी विड्थ, मग स्केल, मग फॉन्ट, आणि मगच 'क' मोजा.