इंग्लंड-अमेरिकेत डॉक्टरांच्या चुका भारतापेक्षा खरंच कमी होतात का?

मुलगा इंग्लंडला कायमचं बोलावतोय, तिथल्या इस्पितळांत चुका आपल्यापेक्षा कमी होतात का, देशादेशांचे आकडे कुणी देईल का, असं तुम्ही विचारलंय. आकडे देतो, पण त्यांच्या भरवशावर बाडबिस्तरा गुंडाळू नका.

अमेरिकेचंच घ्या. १९९९ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल काढला, की इस्पितळांतल्या चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावतात. २०१६ मध्ये दोघा संशोधकांनी तो आकडा अडीच लाखांवर नेला आणि लगेच बाकीचे त्यांच्यावर तुटून पडले, की हे गणितच चुकीचं. एका देशाच्या आकड्यावर एकमत नाही, मग दोन देशांची तुलना काय डोंबल करणार? शिवाय जो चुका मोजतो त्याच्याच चुका जास्त दिसतात. आपण मोजतच नाही, म्हणून आपण धुतल्या तांदळासारखे.

माझी गोव्यात, फोंड्याला फार्मसी आहे. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेले त्याला बरीच वर्षं झाली. दर डिसेंबरात येतात आणि सोप्यावर बसले की इंग्लंडची आरती सुरू. ‘आमच्याकडे असं होऊच शकत नाही’ हे त्यांचं पालुपद. (दाताचं काम मात्र इथे येऊन करून घेतात. तिथे नंबर लागत नाही म्हणे.) तुमचा प्रश्न वाचला आणि तेच पालुपद कानात वाजलं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या आत्याला सांधेवात. एका खासगी इस्पितळात चार दिवस ठेवलं, औषधं ठरवली, घरी सोडलं. औषधं तिथल्याच काउंटरवरून घेतली. त्यात मेथोट्रेक्सेट होतं. छोटी पिवळी गोळी, सांधेवातावर उत्तम औषध, पण आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर हाडाच्या मगजात रक्तपेशी तयार होणंच थांबतं. डिस्चार्जच्या कागदावर एका तक्त्यात सगळी औषधं ओळीने टाइप केलेली, आणि मेथोट्रेक्सेटपुढेही बाकीच्यांसारखंच १-०-०. काउंटरवरच्या पोराने तो कागद बघून पाकिटावर बॉलपेनाने एक उभी रेघ मारली. म्हणजे सकाळी एक. आत्या मराठी चौथी शिकलेली, कागद इंग्रजीत. तिने रेघ बघितली आणि इमानेइतबारे रोज सकाळी एक गोळी घेतली.

गणेश चवथीचं सामान पोचवायला गेलो तर आत्या पेजेचा वाडगा पुढ्यात घेऊन नुसती बसलेली. तोंड आलंय म्हणाली. घरच्यांनी उष्णता ठरवून कोकमाचं पाणी चालू केलेलं. मी जीभ बघितली, हिरड्या बघितल्या. हे काही साधं तोंड येणं नव्हतं. औषधांची पिशवी मागितली. मेथोट्रेक्सेटची पट्टी जवळजवळ रिकामी, आणि घरी येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तसंच तिला गाडीत घातलं आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरणीने पट्टी हातात घेतली आणि एकच विचारलं, “रोज घेतली?” बाकी काही सांगावं लागलं नाही. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही तळाला. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, वेगळी खाट. चवथ तिथेच गेली. पण आत्या वाचली.

त्या खासगी इस्पितळात विचारायला गेलो तर उत्तर तयार होतं: पेशंटने नीट वाचलं नाही. केसपेपर मागितले. उद्या या, परवा या, रेकॉर्डवाला रजेवर आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे. हे मी तोंडी सांगितलं तेव्हा ऐकून घेतलं, बस्स. वकिलाच्या लेटरहेडवर अर्ज गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हजर. आणि त्यात काय निघावं? मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने स्वच्छ लिहिलेलं, की आठवड्यातून एकदा, सोमवारी. डिस्चार्जचा कागद करणाऱ्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या तक्त्यात मात्र आठवड्याचा पर्यायच नव्हता. सकाळ, दुपार, रात्र एवढेच रकाने. टाइप करणाऱ्याने जवळचं दिसलं ते टाकलं. मी म्हटलं, निदान तो तक्ता तरी बदला. “वर कळवतो,” म्हणाले. पुढच्या वर्षी तिथलाच डिस्चार्जचा कागद घेऊन एकजण माझ्या दुकानात आला. तक्ता तोच.

भावोजींना हे फोनवर सांगितलं आणि त्यांनी पालुपद लावलं. वर व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली: आरोग्यसेवेत १९५ देशांत भारत १४५ वा. खरी आहे. पण त्याच लेखात पुढे लिहिलंय, की भारतात गोवा आणि केरळ सगळ्यात वर, दोघांनाही १०० पैकी ६० च्या वर गुण, आणि उत्तर प्रदेश, आसाम ४० च्याही खाली. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं बांबोळीची वाट का धरतात हे समजायला लॅन्सेट लागत नाही. आणि ही यादी चुका मोजतच नाही. उपचाराने टळायला हवे होते असे मृत्यू किती टळले, तेवढंच मोजते.

‘होऊच शकत नाही’ म्हणाल, तर एप्रिल २००० मध्ये इंग्लंडातच केंब्रिजशायरमध्ये एक पेशंट याच औषधाने गेला. तीच चूक, आठवड्याची गोळी रोज. फरक पुढे आहे. तिथे चौकशी झाली, अहवाल छापला. मग देशभरची प्रकरणं गोळा केली तर दहा वर्षांत याच औषधाच्या चुकांनी २५ माणसं गेलेली निघाली. अडीच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्या, हेही एक कारण सापडलं. पेशंटच्या हातात नोंदवही द्यायचं ठरलं. कधीच घडता कामा नयेत अशा चुकांची एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची यादी आहे, तीत हे औषध नावानिशी आहे. अमेरिकेत औषध-सुरक्षेवाल्यांनी सांगितलं, की कॉम्प्युटरमध्ये हे नाव टाकलं की आपोआप ‘आठवड्यातून एकदा’ यायला हवं. आणि एवढं करूनही २०२० मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकाला पुन्हा सांगावं लागलं, की चिठ्ठीवर वाराचं नाव पूर्ण लिहा. म्हणजे चूक होतच होती.

एक मात्र भावोजींना देतो. इंग्लंडात चूक लपवणं अवघड केलंय. तेही सुखासुखी नाही. स्टॅफर्डच्या इस्पितळात पेशंटचे अतोनात हाल झाले, २०१३ मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला, देशाची छी-थू झाली, मग २०१४ पासून चूक झाली तर पेशंटला स्वतःहून सांगणं इस्पितळांना कायद्याने बंधनकारक झालं. न्यूझीलंडने १९७४ मध्येच वेगळी वाट धरली: नुकसान झालं ना, भरपाई घ्या, दोष कुणाचा ते सिद्ध करत बसू नका. स्वीडननेही १९७५ पासून तसाच विमा केला. आपल्याकडे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. चांगलंच झालं, पण त्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, म्हणून इस्पितळ पहिल्या दिवसापासून तोंड शिवून बसतं. माझं स्पष्ट मत, न्यूझीलंडचं बरोबर आहे. मला भरपाई नको होती, तो तक्ता बदलायला हवा होता.

आता जरा दुसरी बाजू. मी औषधवाला, चिठ्ठ्यांतल्या चुका बघतो, ऑपरेशन थिएटरमधल्या नाही. गोवा म्हणजे भारत नव्हे. २०१८ च्याच लॅन्सेटच्या दुसऱ्या एका अहवालात भारतात वर्षाला सुमारे १६ लाख मृत्यू निकृष्ट उपचारांमुळे होतात असा अंदाज आहे, आणि तो खोटा म्हणायची माझी छाती नाही. गोमेकॉतही खाटेसाठी वणवण होते. आत्याचं नशीब की बांबोळी जवळ होती.

तेव्हा मुलासाठी, नातवंडांसाठी जायचं तर खुशाल जा. चुका टळतील म्हणून जाऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे राहिलं असेल तर इथेच उरकून घ्या. तिथे २०२४ मध्ये सत्तर लाखांच्या वर उपचार रांगेत खोळंबलेले होते. चालू औषधांची यादी ब्रँडच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावाने करून न्या; आपले ब्रँड तिथल्या डॉक्टरला कळत नाहीत. प्रत्येक गोळीपुढे मिलिग्रॅम, आणि आठवड्याची असेल तर वार. फोंड्याच्या बाजूला येणार असाल तर मी करून देतो, फक्त दुपारी एक ते चार येऊ नका, दुकान बंद असतं.