वन्समोर का ओरडलो?

चिऊ,

काल रात्री दाराखालून सरकवलेली चिठ्ठी मिळाली. वर दोन ओळी इंग्रजीत, रागावलेल्या. खाली शनिवारच्या मराठी वर्गात गिरवलेल्या अक्षरांत एकच वाक्य: "बाबा तू वन्समोर का ओरडला?" 'ओरडलास' हवं होतं, पण ते राहू दे. गाडीत तू पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसली होतीस आणि मीही काही बोललो नाही, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय. अडलं तर आईला विचार, पण तिच्याकडून पूर्ण वाचून घेऊ नकोस. ती तिच्या पुण्याच्या गोष्टी मधे घुसवेल.

आधी गुन्हा कबूल करतो. तुझं गाणं संपलं, टाळ्या वाजायला लागल्या, पियानोवाल्या बाईंनी वहीचं पान उलटलं, आणि मी तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाजात "वन्समोर!" म्हणालो. बाईंचा हात पानावरच थांबला. पुढच्या रांगेतले दोघं मागे वळले. तुझे कान लाल झालेले मला तिथून दिसले. इथे गाण्यानंतर टाळ्या वाजवतात, फार झालं तर उभे राहतात, आणि पुन्हा ऐकायचंच असेल तर सगळं संपल्यावर 'आँकोर' म्हणतात, हे मला चौदा वर्षं इथे राहून माहीत आहे. (आँकोर हा फ्रेंच शब्द. आणि गंमत म्हणजे फ्रेंच लोक स्वतः तेव्हा 'बिस' असं लॅटिन ओरडतात. पुन्हा ऐकायचं असलं की जो तो दुसऱ्याचीच भाषा उसनी घेतो असं दिसतं.) आपण इंग्रजांचे दोन शब्द घेतले, जोडून एक केला आणि त्याला इतकं मराठी करून टाकलं, की तुझ्या शाळेतल्या एकाही इंग्रजाला तो कळला नाही.

हा शब्द मी कुठे शिकलो ते सांगतो.

कोल्हापुरात खासबाग मैदान आहे. कुस्तीचं. शाहू महाराज 1902 मध्ये तुझ्या या देशात, लंडनला, राज्याभिषेकासाठी आले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं ते जुनं गोल मैदान पाहिलं आणि परत आल्यावर कुस्तीसाठी तसंच मैदान बांधून घेतलं, असं आमच्याकडे सांगतात. त्याला लागूनच त्यांनी 1913 ते 1915 या काळात एक नाट्यगृह उभं केलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. पुढे 1957 मध्ये त्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. म्हणजे एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला षड्ज. अशी शेजारपाजारची सोय आमच्याच गावाला सुचावी. आरडाओरडा करून दाद द्यायची सवय आम्हाला नाटकातून लागली की कुस्तीतून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे, मला सकाळीच तिकिटं काढायला बरोबर घेऊन गेले. खिडकीत 'प्लॅन' असायचा. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील तक्ता. आपण बोट ठेवायचं, आतला माणूस पेन्सिलीने त्या चौकटीत फुली मारायचा आणि तिकीट फाडून द्यायचा. आण्णांना तिसरी किंवा चौथी रांग, आणि तीही ऑर्गनच्या बाजूची लागायची. त्या दिवशी तिथे फुल्या पडलेल्या होत्या, तर ते खिडकीतल्या माणसाशी पाच मिनिटं असं भांडले, जणू त्यांच्या घरात कुणी भाडेकरू घुसवला होता. शेवटी सहाव्या रांगेत बसलो.

तुझ्या आज्जीने वर्तमानपत्राच्या कागदात भडंग बांधून घेतलं होतं. नियम असा, की तिसरी घंटा होईपर्यंत हवं तसं खा. पडदा वर गेला की चावायचं नाही, कुरकुर होते. मग मी एकेक चुरमुरा जिभेवर ठेवायचो आणि तो मऊ होईपर्यंत वाट बघायचो. खालचा मसाला आधी जायचा आणि मग नुसता ओला चुरमुरा उरायचा. मला आजही नांदी ऐकली की तोंडात तिखट येतं. नांदी म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन. पडद्याआडून उदबत्तीचा वास यायचा, सगळे नट हात जोडून ओळीने उभे राहून गायचे, आणि सहाव्या रांगेत आण्णाही हात जोडायचे.

नाटक होतं 'मानापमान'. 1911 सालचं, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं. धैर्यधर नावाचा एक शूर पण गरीब सेनापती आणि भामिनी नावाची श्रीमंत, तोऱ्यातली मुलगी, एवढं तुला पुरे. आमचा धैर्यधर पन्नाशीचा होता. कमरपट्ट्यावरून पोट ओघळलेलं. तो शत्रूवर चाल करून जाईल हे मला अजिबात पटलं नाही आणि मी तसं मोठ्याने म्हणालोही. आज्जीने मांडीला चिमटा काढला. "गप बस की. गायला लागला की दिसंल तुला."

मग तो गायला लागला. चिऊ, मला तेव्हा सुराचं काही कळत नव्हतं, आताही फार कळतं असं नाही. पण एके ठिकाणी तो वर गेला, तिथे थांबला, आता खाली येईल असं वाटलं, तर आणखी थोडा वर गेला, आणि शेजारी आण्णांच्या गुडघ्यावरचा हात, जो तोवर ताल धरत होता, तो हवेतच राहिला. मग समेवर तो हात आणि सगळं थिएटर एकदमच खाली आलं. टाळ्या. आणि त्या टाळ्यांच्या मधोमध, पोटातून: "वन्समोर!" घरात चहा मागतानाही हळू बोलणारे आमचे आण्णा.

मी खुर्चीखाली जायचाच बाकी होतो. तू काल जशी लाल झालीस ना, तसाच. पण इथे कथा वेगळ्या रस्त्याने जाते. मागून, वरून, उजवीकडून, सगळीकडून तोच शब्द यायला लागला. धैर्यधर, जो पदानंतर भामिनीकडे वळून पुढचं वाक्य बोलणार होता, तो थांबला, आमच्याकडे बघून हलकेच हसला, ऑर्गनवाल्याला मान हलवली. त्याने सूर दिला आणि सेनापतीने अंतऱ्यापासून पुन्हा धरलं. भामिनी बिचारी दुसऱ्यांदा तितकीच नाक मुरडून उभी राहिली. आणि खरं सांगतो, दुसऱ्यांदा त्याने ती जागा वेगळी घेतली. तीच ओळ, तोच सूर, पण वर जायचा रस्ता निराळा. आण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे तिकिटात नव्हतं."

तू एकदा विचारलं होतंस, की नाटकाला 'प्रयोग' का म्हणतात, प्रयोग तर विज्ञानाच्या तासाला करतात. तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं होतं. आता सांगायचं तर मला तो शब्द नेहमी त्या दुसऱ्या अंतऱ्याशी जोडून आठवतो.

आमच्या नाटकात गाणी इतकी कशी, हाही प्रश्न येईलच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'शाकुंतल' केलं तेव्हापासून पुढची काही दशकं मराठी माणूस नाटक 'ऐकायला' जायचा. त्या एका नाटकात शंभराच्या वर पदं होती. त्यात वन्समोर मिळायला लागले की रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेकडे सरकायचं. आण्णा एक गोष्ट दरवेळी सांगायचे. कुठल्याशा गावात नायक गात गात मरतो, पब्लिक वन्समोर देतं, मेलेला उठतो, गातो, पुन्हा मरतो. पुन्हा वन्समोर. तिसऱ्यांदा तो उठून बसला आणि म्हणाला, "आता मरू द्या की मायबाप, पहाट झाली." खरी किती आणि आण्णांची किती, देव जाणे.

ज्यांचं नाव त्या थिएटरला आहे ते केशवराव कोल्हापूरचेच. 'शारदा' नाटकात लहानपणी त्यांनी शारदेची भूमिका केली, कारण तेव्हा बायकांची कामंही मुलगे आणि पुरुषच करायचे. पुढे त्यांची स्वतःची 'ललितकलादर्श' ही कंपनी, आणि समोर बालगंधर्वांची. कोण मोठा यावर घराघरांत भांडणं. मग 8 जुलै 1921 ला मुंबईत दोघांनी एकत्र 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटाचा वरचा दर 100 रुपये, त्या काळात! आण्णांचे वडील त्या प्रयोगाला गेले नव्हते, पण आयुष्यभर ते अशा तपशिलाने सांगायचे, की आण्णांना बरीच वर्षं ते गेले होते असंच वाटायचं. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते.

वन्समोर कसा द्यायचा याचे आण्णांचे नियम होते आणि ते कडक होते. टाळी चढत असताना ओरडायचं नाही, गाणाऱ्याचा शेवटचा सूर त्यात बुडतो. टाळी ओसरल्यावरही नाही, मग ती भीक दिल्यासारखी होते. टाळी माथ्यावर असताना. एका प्रयोगात एकच. आणि ओळखीच्या माणसाला कधीच नाही. एकदा एका नटाने मागच्या रांगांत स्वतःचे चार मित्र बसवले होते आणि ते पहिल्या पदापासून सुरू झाले. आण्णा खुर्चीतून अर्धे उठले, मागे वळले आणि नुसते बघत राहिले. पुढच्या पदाला मागे शांतता होती.

आता तूच म्हणशील, ओळखीच्या माणसाला नाही, मग मला कसा दिलास? बरोबर पकडलंस. मी तो नियम मोडला.

कारण तुझ्या गाण्यातली दुसऱ्या कडव्यातली ती वरची जागा. तीन आठवडे बाथरूममधून मी ती ऐकतोय. दररोज तू तिथपर्यंत यायचीस, आवाज फाटायचा, मग नळ जोरात सोडल्याचा आवाज यायचा. गुरुवारी तर तू दार आपटून बाहेर आलीस आणि म्हणालीस की आता तो भाग ओठ हलवूनच ढकलणार. काल तू तिथे आलीस, मला वाटलं आता ओठ हलवणार, आणि तू श्वास घेतलास आणि गेलीस वर. माझा हात गुडघ्यावर होता. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

आणखी एक. परवाच्या वर्षी ऑगस्टमध्ये, तू शाळेच्या सुट्टीत घरी होतीस, मी संध्याकाळी स्वयंपाकघरात फोन हातात धरून बराच वेळ उभा होतो आणि तू विचारलंस काय झालं. मी "काही नाही" म्हणालो. त्या दिवशी, 8 ऑगस्ट 2024 ला, केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. काकाने व्हिडिओ पाठवला होता. छप्पर पेटलेलं, खासबागेच्या बाजूने ज्वाळा, आणि रस्त्यावर नुसती उभी असलेली माणसं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या व्हिडिओत सहावी रांग शोधत होतो, जी बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. ते पुन्हा होतं तसंच बांधायचं ठरलंय. काका म्हणतो, खुर्च्या चांगल्या येतील या वेळी. येतील. प्लॅनवर पेन्सिलीने फुली मारणारा माणूस मात्र मोबाइलने आधीच घालवला होता, त्याला काही आग लागली नव्हती.

तर हे असं आहे. तुला लाज वाटली त्याबद्दल मनापासून सॉरी. पियानोवाल्या बाईंना मी सोमवारी भेटून सांगेन. एक मात्र तुला दिसलं नसेल, तू मान खाली घातली होतीस: मी ओरडल्यावर त्या बाईंनी उलटलेलं पान अर्धं परत आणलं होतं.

जूनमधल्या कार्यक्रमात मी तोंडावर रुमाल धरून बसेन, शब्द देतो. पण तेव्हा आज्जी आलेली असेल. तिने तिकीट काढलंय, आणि भडंग आणू का म्हणून विचारतेय. तिला कितव्या रांगेत बसवायचं ते तूच ठरव.

तुझा,
बाबा