मी त्यांच्या मोक्षाच्या वाटेतली धोंड आहे का?

अक्का, मी ५८ वर्षांची, शिवाजी पेठेत राहते. हे साखर कारखान्यात ३४ वर्षं होते, दोन वर्षांमागं रिटायर झाले. तेव्हापासून घरात मन नाही. पौर्णिमेला नरसोबाची वाडी, एरवी एका आश्रमातली प्रवचनं. कांदा-लसूण बंद, म्हणून त्यांचा कुकर वेगळा लावते. मटण तर घरातून गेलंच. मी बुधवारी बहिणीकडं जाऊन वाटीभर पांढरा रस्सा पिते आणि येताना बडीशेप चावत येते. काही बोलायला गेलं की म्हणतात, ‘तू आवली आहेस, माझं बंधन आहेस. माउलींच्या वडिलांनीसुद्धा बायको सोडूनच संन्यास घेतला.’ आता राहतं घर गुरुपौर्णिमेच्या आधी आश्रमाला द्यायचं म्हणतात. घर दोघांच्या नावावर आहे. मी सही नाही दिली तर त्यांचा मोक्ष अडेल का? पाप मला लागेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

बाई, आधी सहीचं बोलू. मोक्ष चार महिने थांबेल, पण एकदा झालेली रजिस्ट्री माघारी फिरवताना माणसाच्या नाकी नऊ येतात.

घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा तुमचा हिस्सा तुमच्या सहीशिवाय कुणाला जात नाही. तोंडानं ‘दिलं’ म्हणून तर कुणाचंच घर जात नाही. बक्षीसपत्र लिहावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, दुय्यम निबंधकाकडं ते नोंदवावं लागतं. सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा आणि आपलं नाव आपल्या डोळ्यांनी बघा. त्यांच्या हिश्श्याचं त्यांना काय करता येतं, हे घर वडिलोपार्जित की स्वकष्टाचं यावर बरंचसं ठरतं, ते वकिलाला विचारा. आणि ‘नुसती संमतीची सही आहे वहिनी’ असं म्हणत कुणी कागद पुढं केला तर पेन उचलू नका. कागद घरी आणा.

आता माउलींच्या वडिलांचं. मिस्टरांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. विठ्ठलपंत काशीला गेले आणि आपण लग्नाचे आहोत हे लपवून त्यांनी संन्यास घेतला. इकडं आळंदीत रुक्मिणीबाई पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. पुढं विठ्ठलपंतांचेच गुरू फिरत आळंदीला आले. बाई पाया पडल्या, गुरूंनी सवयीनं ‘पुत्रवती भव’ म्हटलं, आणि मग सगळा उलगडा झाला. गुरूंनी काय केलं? शिष्याला परत संसारात धाडलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही त्यानंतरची. म्हणजे त्या गोष्टीतला गुरू बायकोची संमती नाही म्हणून शिष्याला घरी पाठवतो. तुमच्याकडं शिष्य घरी येतो तो तिची सही मागायला. आश्रमानं घर मागितलं की ह्यांनीच मनाशी ठरवलं, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. ते एकदा स्पष्ट विचाराच.

आवली म्हणतात ना तुम्हाला? म्हणू द्यात. तुकोबा डोंगरावर बसले तरी त्यांची भाकरी डोंगर चढत होती, आणि ती कुणाच्या डोक्यावर होती ते देहूत लहान पोर सांगेल. शिवाय सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवताना तुकोबांनी आधी वाटणी केली, असं परंपरा सांगते. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची निम्मी खतं त्याच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. भावाला वैराग्य आलं नव्हतं, मग त्याचे कागद कशाला भिजवायचे? ह्या निम्म्याचं मला फार अप्रूप आहे. त्याग आपल्या वाट्याचा करायचा असतो. मिस्टरांना द्यायचंच असेल तर पेन्शन आहे, हातातलं घड्याळ आहे, वाडीहून येताना आणलेली कवठाची बर्फी आहे (आणत असणारच, वाडीला जाऊन रिकाम्या हातानं परतलेला कोल्हापूरकर मी अजून पाहिलेला नाही).

बंधनाचं म्हणाल तर अमृतबिंदू उपनिषदात सरळ लिहिलंय की बंधनाला आणि मोक्षाला माणसाचं मनच कारण. त्यात बायकोचं नाव नाही. आणि तुकोबांनी देवाकडं मागताना मुक्तीच नको म्हटलंय, गर्भवासी सुखानं घाल, पण तुझा विसर पडू देऊ नको. तेव्हा तुमच्या सहीवाचून कुणाचा मोक्ष अडत नाही आणि पाप तर नाहीच नाही.

तरी एक सांगते, रागावू नका. मला ह्या माणसाची थट्टा करवत नाही. ३४ वर्षं गळीत हंगामात रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही, भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर जेवले. फोन आला की धावले. दोन वर्षं झाली, तो फोन वाजत नाही. घरात कुठं बसायचं तेसुद्धा अशा माणसाला ठाऊक नसतं. आश्रमात कुणीतरी ‘या’ म्हणत असेल, पुढं सतरंजीवर जागा करून देत असेल. त्यात खरी ओढही असेल, नाही कशाला म्हणू? पण ओढ खरी की पोकळी मोठी, हे गुरुपौर्णिमेच्या आत ठरत नाही.

म्हणून घराचा विषय वर्षभर बाजूला ठेवूया, एवढंच त्यांना म्हणा. संध्याकाळी दोघं रंकाळ्यावर जा. देवाधर्माचं काढू नका. कारखान्यातली कुठली गोष्ट सर्वात आठवते, एवढं विचारा आणि गप्प बसा. बोलायला वेळ लागेल, तोवर कणसं खा.

दुसरा कुकर मात्र उद्यापासून त्यांनीच लावायचा. तीन शिट्ट्या मोजता येत नाहीत असं थोडंच आहे, कारखाना चालवलाय त्यांनी.

आणि तुमचं ते बडीशेपेचं वाक्य वाचून मी आधी हसले, मग माझा चहा तसाच राहिला. ५८ व्या वर्षी स्वतःच्या घरात शिरताना तोंडाचा वास लपवायचा? येत्या बुधवारी बहिणीलाच तुमच्याकडं बोलवा. मटण तुमच्या चुलीवर शिजू दे, त्यांचा वरणभात शेजारी. खिडकी उघडी ठेवा, रस्सा जरा जास्तच करा.