सोलापुरात राहतो, डिजिटल चित्रं शिकायची आहेत. ग्राफिक्स टॅबलेट स्क्रीनवाला घेऊ की साधा? आणि ८१९२ प्रेशर लेव्हल पुरतात की १६३८४ हव्यात?

साधा घ्या, म्हणजे नुसती पाटी: पेन तिच्यावर फिरतं आणि चित्र समोरच्या मॉनिटरवर दिसतं. लहान किंवा मध्यम. आणि प्रेशर लेव्हलचा, म्हणजे पेनाचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो त्याचा, आकडा बघून एक रुपयाही जास्त देऊ नका.

मला सहा वर्षांपूर्वी हे कुणी ठामपणे सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. पुण्यात ॲनिमेशनचं काम करणारा माझा चुलतभाऊ तेव्हापासून एकच धरून बसलाय, "स्क्रीनवालाच घे बे, साध्यावर हात बसत नाही." दर दिवाळीला आमचा हा वाद होतो. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

माझे वडील पस्तीस वर्षं चादरीचे ग्राफ काढायचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं काम घरी यायचं. तुम्ही सोलापूरचे, तुम्हाला जकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, सांगायला नको. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा एकमेकांना छेदतात ती जागा. बाबा बारीक ब्रशनं एकेक चौकोन भरत जायचे, मग त्यावरून मागाची कार्डं पंच व्हायची. मोराचा एक पिसारा भरायला त्यांना आठ-आठ दिवस लागायचे. पुढं सगळं कॉम्प्युटरवर गेलं, त्यांचे डोळेही थकले आणि काम सुटलं.

मी टॅबलेट घेतला तो साधा, लहान, रेखाटायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर. मॉनिटर होता एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला सतरा इंची, जुना चौकोनी, १२८० बाय १०२४ चा. लहानपणापासून हातात पेन्सिल असलेला माणूस मी, पण टॅबलेटवर गोल येईना. सावकाश काढलं तर यायचं, कारण डोळा स्क्रीनवर असतो, तो हाताला सावरत नेतो. पण जरा मोकळ्या हातानं रेघ मारली की अंडं. पिसाऱ्यातला डोळा अंडं, झेंडूचं फूल अंडं. रोज रात्री दोन-दोन तास नुसते गोल काढायचो. तीन महिने असे गेले. आपला हातच गेला असं वाटायला लागलं होतं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "सांगितलं होतं ना? स्क्रीनवाला घे." त्याचे वीस हजारांच्या वर होत होते. ते मी बाबांकडे मागितले.

बाबांनी पैशाचं काही काढलं नाही. म्हणाले, "दाखव आधी." मी दोन-चार गोल काढून दाखवले. त्यांनी ते बघितले आणि आत जाऊन शेंगाचटणीच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण आणलं, सात सेंटिमीटरचं असेल. ते टॅबलेटवर ठेवलं, बोटांनी दाबून धरलं आणि मला म्हणाले, "कडेनं पेन फिरव." फिरवलं. मग त्यांनी त्यांची जुनी स्टीलची पट्टी थेट मॉनिटरच्या काचेला लावली. आडवं साडेपंधरा सेंटिमीटर, उभं वीस. झाकण गोल, स्क्रीनवर उभं अंडं.

"हात बरोबर आहे तुझा. ग्राफ चुकलाय."

हे फक्त ग्राफवालाच ओळखू शकतो. कापडात इंचाला ताण्याचे धागे आणि बाण्याचे धागे सारखे नसतील आणि ग्राफ मात्र सरळ चौकोनी घेतला, तर कागदावरचं गोल फूल चादरीवर लांबट किंवा चपटं येतं. म्हणून धाग्यांच्या हिशेबानं आखलेला ग्राफ घ्यावा लागतो. माझ्याकडं तेच झालं होतं. टॅबलेटची लांबी-रुंदी १.६ ला १, मॉनिटरची १.२५ ला १, आणि ड्रायव्हरनं, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, अख्खा टॅबलेट अख्ख्या मॉनिटरवर ताणून बसवलेला. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण सारखं ठेवायची एक खूण असते, ती केली. उजवीकडची ३३ मिलिमीटरची पट्टी निकामी झाली आणि पुढच्या मिनिटाला गोल आला. मी दहा-बारा काढले. बाबा मागं उभे होते, काही बोलले नाहीत, पण पट्टी बराच वेळ त्यांच्या हातातच होती.

दादा, हे वाचत असशील तर, साध्या टॅबलेटवर हात बसत नाही हे खोटं आहे. ताणा-बाणा जुळवला की पंधरा दिवसांत बसतो.

तुमचा लॅपटॉप बहुतेक १६:९ चा असेल. १५२ बाय ९५ च्या टॅबलेटवर तुमचा गोल आडवा फुगेल, साधारण ११ टक्के. ती खूण केली की उंचीतले साडेनऊ मिलिमीटर जातील. जाऊ द्या.

आता प्रेशर लेव्हल. नेहमीच्या ८ बिटच्या चित्रात एका रंगाच्या छटाच २५६ असतात. तिथं ८१९२ की १६३८४ यावर भांडण्यात अर्थ नाही, २०४८ वरही उत्तम काम होतं. खरं बघायचं ते हे, की पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ सोडतं. त्या रात्री बाबांनी पेन धरलं तर आधी काहीच उमटेना, इतका त्यांचा हात हलका. क्रिता नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या टॅबलेट सेटिंगमध्ये दाबाची वक्ररेषा असते, ती सुरुवातीला वर उचलली तेव्हा त्यांची रेघ दिसायला लागली. क्रिता फुकट आहे, तेच वापरा. त्यात डब्ल्यू दाबलं की चित्र चारही बाजूंनी पुन्हा पुन्हा जोडलेलं दिसतं आणि नक्षीचा सांधा कुठं तुटतो ते काढता काढताच कळतं. बाबा त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तासभर बसतात.

कंपनीचं म्हणाल तर वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, कुठलीही घ्या. पेन बिनबॅटरीचं असावं, ते टॅबलेटच्या चुंबकीय क्षेत्रावरच चालतं. आधी दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकलेला असेल तर तो पूर्ण काढा, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तळहात घामानं चिकटतो, तर हाताखाली टॉवेलचा धुतलेला तुकडा ठेवा.

एक मात्र मान्य करतो. रोज आठ तास इंकिंग, म्हणजे कच्च्या चित्रावर पक्क्या रेघा, करून पोट भरायचं असेल तर स्क्रीनवाल्यानं वेळ वाचतो आणि भाऊ त्याच्या कामापुरता बरोबर आहे. तुम्ही अजून शिकताय. शिवाय स्क्रीनवाल्याला वायरी जास्त आणि वाकून बसल्यानं मान धरते. अगदी लहान जागेत मनगटच हलतं, खांद्यापासून रेघ मारायची सवय असेल तर मध्यम घ्या. मी पुढं मध्यमच घेतला.

टॅबलेट आला की पहिल्याच दिवशी झाकण ठेवून बघा. स्टीलची वाटी नको, धातूमुळं पेनाची जागा चुकू शकते. प्लास्टिकचंच झाकण घ्या.