'पोंतु' म्हणजे भजन का?

प्रश्न असा आला आहे: ब्राझीलमधल्या उंबांडा पंथावरचा लेख मराठीत आणताना 'पोंतु दे काबोक्लु' याला 'वनदेवतेचं भजन' म्हटलं तर चालेल का? शब्दकोशात तर 'पोंतु'चा अर्थ 'बिंदू' दिलाय!

नाही चालणार. दोन्ही शब्द घसरतात.

आधी काबोक्लु. रोजच्या पोर्तुगीजमध्ये काबोक्लु म्हणजे मूळनिवासी आणि गोरे यांच्या मिश्र वंशाचा, किंवा नुसताच आडगावचा माणूस. उंबांडात मात्र तो जंगलातल्या मूळनिवाशाचा आत्मा. भक्ताच्या अंगात येतो, आरोळी ठोकतो, चिरूट ओढतो, दुखणाइताच्या अंगावरून पाला फिरवतो. देव नव्हे. रानाचा आणि शिकारीचा देव ओशॉसी. तो योरुबा गुलामांबरोबर आफ्रिकेतून आला. काबोक्लु सहसा त्याच्या हाताखालचे. 'वनदेवता' म्हणायचंच तर ओशॉसीला म्हणा. काबोक्लु हा शब्द ब्राझीलच्या मूळनिवाशांच्या तुपी भाषेतून आला. ती काही आपल्याला अगदीच परकी नाही, 'काजू' तिथलाच, पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेला.

आता पोंतु. बिंदू, ठिकाण, शिवणातला टाका, इतकंच काय, बसथांबासुद्धा पोंतुच. उंबांडात पोंतु दोन तऱ्हेचे. एक 'रिस्कादु', म्हणजे रेखाटलेला: पेंबा नावाच्या खडूनं जमिनीवर काढलेली खूण. काबोक्लुच्या खुणेत बहुधा धनुष्यबाण असतो. कोण आलंय ते त्यावरून ओळखायचं. दुसरा 'कांतादु', म्हणजे गायलेला: आताबाक ढोलांच्या ठेक्यावर म्हणायची दोन-चार ओळींची, पुन्हा पुन्हा घोळवलेली गाणी, बहुतेक साध्या पोर्तुगीजमध्ये. (कांदोंब्ले या ब्राझीलमधल्याच दुसऱ्या पंथाच्या केतू घराण्यात गाणी योरुबात असतात, आणि तिथे त्यांना 'कांतिगा' म्हणतात.) पाराइबा नदीच्या खोऱ्यातल्या कॉफीमळ्यांवर गुलाम जोंगु नाचायचे, त्यातल्या गाण्यांनाही पोंतुच म्हणतात. तिथे पोंतु कोड्यासारखा 'बांधायचा' आणि समोरच्यानं तो 'सोडवायचा'.

भजनात आपण देवाचे गुण गातो. पोंतु म्हणजे कामाचं गाणं. एका पोंतुनं काबोक्लुला बोलवायचं, एकानं धूप फिरवायचा, एकानं त्याला निरोप द्यायचा. आपल्याकडे गोंधळी एकेका देवाचं नाव घेऊन 'गोंधळा ये' म्हणतात, ती चाल याला भजनापेक्षा जवळची. म्हणून मलाही आधी 'आवाहन' सुचलं होतं. पण निरोपाचाही पोंतुच असतो ना! आवाहन आणि विसर्जन एकाच शब्दात बसवणारा मराठी शब्द मला तरी सापडला नाही.

तेव्हा 'पोंतु' तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'काबोक्लुला बोलवायचं किंवा निरोप द्यायचं गाणं' असं उलगडून सांगा, पुढे नुसतं पोंतु. आणि 'पोंतो' लिहू नका. ब्राझीलमध्ये शेवटचा आघात नसलेला 'ओ' बहुतेक ठिकाणी 'उ'सारखाच ऐकू येतो.