पहिल्या सेमिनारआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझी टिपणं वाचली. पेपर म्हणून चोख आहेत. टॉकसाठी मात्र त्यातलं निम्म्याहून जास्त बाजूला ठेवावं लागेल.

विभागाच्या सेमिनारला तुझ्या विषयातले, म्हणजे संख्यांच्या विभाजनांवर काम करणारे, दोन-तीन जणच असतात. बाकी कुणी टोपॉलॉजीचं, कुणी ॲनालिसिसचं, मागच्या बाकांवर एमएस्सीची मुलं. तुझ्या पहिल्याच पानावर मॉड्युलर फॉर्मची व्याख्या आहे. तिथे अर्धा वर्ग सुटेल, आणि एकदा सुटलेला माणूस सहसा परत येत नाही. मान डोलावत बसतो, इतकंच.

त्याऐवजी आल्याआल्या फळ्याच्या डाव्या बाजूला ४ ची विभाजनं, म्हणजे ४ ही बेरीज देणाऱ्या धन पूर्णांकांच्या मांडण्या (क्रम मोजायचा नाही), एकाखाली एक लिही: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पाच झाली, म्हणजे ४ च्या विभाजनांची संख्या पी(४) = ५. खाली पी(९) = ३०, पी(१४) = १३५, पी(१९) = ४९०. आणि थांब. दहा सेकंद गप्प राहा, अवघड वाटलं तरी. सगळ्यांना ५ ने भाग जातो हे समोरून कुणीतरी म्हणेल, आणि मग तो प्रश्न तुझ्या एकटीचा राहणार नाही. हे सिद्ध करणारे रामानुजन आणि १९१९ हे साल त्यानंतर येऊ दे.

पुढे भाग का जातो हे विचारणारा फ्रीमन डायसन, १९४४. विभाजनातलं सगळ्यात मोठं पद घ्यायचं, त्यातून पदांची संख्या वजा करायची. ही त्या विभाजनाची रँक. वरच्या पाच ओळींसमोरच लिही: ३, १, ०, −१, −३. त्यांना ५ ने भागल्यावर बाक्या येतात ३, १, ०, ४, २. प्रत्येक बाकी नेमकी एकदा! भाग का जातो याचं कारणच डोळ्यांसमोर उभं राहतं. ऋण संख्येच्या बाकीशी मुलं अडखळतात, म्हणून ‘−१ मध्ये ५ मिळवले, ४ आले’ हे तोंडाने म्हण. एवढ्याला बारा मिनिटं दिलीस तरी चालेल. हा भाग शेवटपर्यंत पुसायचा नाही, कारण तुझं स्वतःचं प्रमेय तुला या पाच ओळींकडे बोट दाखवूनच सांगायचं आहे. तसं सांगता येत नसेल तर प्रमेयाची मांडणी अजून टॉकजोगी झालेली नाही.

वेळ साठ मिनिटांची असली तरी मजकूर पंचेचाळीसचा तयार कर. लोक पाच मिनिटं उशिरा येतात, मधले प्रश्न उरलेली वेळ खातात. प्रमेय विसाव्या मिनिटाच्या आत फळ्यावर हवं. नेहमी फसतं ते असं: इतिहासात पंचवीस मिनिटं, व्याख्यांत पंधरा, आणि सिद्धता सुरू होते पन्नासाव्या मिनिटाला. मग हात भरभर चालतो, पाठ श्रोत्यांकडे वळते, एकच ‘के’ दोन अर्थांनी येतो. तू एकच लेमा (सिद्धतेतलं छोटं मदतीचं प्रमेय) निवड, तोही लहान आकड्यांवर दाखव. रँकच्या बाक्यांचे असे सारखे गट नेहमीच पडतात, हे डायसनचं ५ आणि ७ साठीचं अनुमान ॲटकिन आणि स्विनर्टन-डायर यांनी १९५४ मध्ये सिद्ध केलं. नावं आणि साल लिहून पुढे जा. त्या सिद्धतेत शिरलीस तर बाहेर यायला वेळ उरणार नाही.

टिपणांच्या समासात वेळा मांड: १२, २०, ३५. पस्तिसाव्या मिनिटाला मागे असशील तर कुठला भाग गाळायचा हे आधीच ठरलेलं असू दे. घाईत गाळलेलं नेमकं पुढे लागतं.

स्लाइड वापरू नको असं मी म्हणणार नाही, पण या विषयाला फळाच बरा. फळ्यावर एक ओळ लिहायला जो वेळ जातो, तोच श्रोत्याला विचार करायला मिळतो. आदल्या दिवशी त्याच खोलीत जा, एक ओळ लिही आणि शेवटच्या बाकावरून वाचून बघ. खाली लिहिलेलं पुढच्यांच्या डोक्यांआड जातं, म्हणून तळाचा हातभर फळा रिकामा सोड. पुसताना बोलू नको. ते कुणालाच ऐकू येत नाही. खडू स्वतःचा ने.

प्रश्नांत एक हमखास येईल: ‘११ साठी हे चालतं का?’ पी(६) = ११ असल्यामुळे तो सुचतोच. उत्तर तोंडपाठ ठेव: नाही. ६ च्या विभाजनांत ४+१+१ ची रँक १ आणि ३+३ चीही १, म्हणजे पहिल्याच पायरीवर बाकी दोनदा येते. ११ लाही पुरेल असा वेगळा आकडा असणार, असं म्हणून डायसनने त्याला ‘क्रँक’ हे नाव आधीच देऊन ठेवलं होतं. तो अँड्र्यूज आणि गार्वन यांना १९८८ मध्ये सापडला. एवढं दोन मिनिटांत सांगता येतं. व्याख्या विचारली तर मात्र ‘नंतर चहाला सांगते’ म्हण.

रंगीत तालमीसाठी विषयाबाहेरच्या एका मैत्रिणीला समोर बसव आणि उभं राहून, खडू हातात घेऊन पूर्ण टॉक दे. ती जिथे वहीत लिहायचं थांबेल ती जागा टिपून ठेव, आणि ते पान घेऊन मला भेट.

तुझा,
गाईड